नखांची बुरशी : रोजच्या सवयी किती कामाच्या?

पायाच्या अंगठ्याचं नख टोकाकडून पिवळसर होतं, हळूहळू जाड होतं, नखाखालून भुसा सुटायला लागतो. दुखत नाही, फारसं खाजतही नाही, त्यामुळे वर्ष-दोन वर्षं तिकडे दुर्लक्ष होतं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर गोळ्या किंवा नखाला लावायचं औषध मिळतं आणि सोबत सूचनाही मिळतात: पाय कोरडे ठेवा, मोजे रोज बदला, नेलकटर वेगळं ठेवा, बूट वाळवा, सार्वजनिक न्हाणीघरात अनवाणी जाऊ नका. औषधांवर जगभर भरपूर काम झालेलं आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली पोटात घ्यायच्या औषधांचा आणि २०२० साली वरून लावायच्या औषधांचा आढावा प्रसिद्ध केला. दोन्हींत मिळून शंभराच्या आसपास चाचण्या तपासल्या गेल्या. सवयींच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडा अभ्यास आला आहे, आणि रुग्णाला दिवसाकाठी जे करावं लागतं ते तर या सवयींचंच असतं. यातली कोणती सूचना भक्कम पुराव्यावर उभी आहे, कोणती केवळ तर्कावर आणि कोणती आपल्याकडच्या राहणीत बसतच नाही, हे नीट तपासायला हवं.

नखात काय घडतं

नखं, केस आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. हे प्रथिन पचवू शकणाऱ्या बुरश्यांना डर्मॅटोफाइट म्हणतात. गजकर्ण किंवा नायटा करणाऱ्या बुरश्याही याच. पायाच्या नखांत बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात सापडते. हाताच्या नखांत, विशेषतः सतत पाण्यात हात असणाऱ्यांमध्ये, कँडिडा हे यीस्ट बरेचदा आढळतं. उष्ण प्रदेशात मातीतल्या फ्युझेरियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरश्याही नखात शिरतात आणि त्यांच्यावर नेहमीची औषधं तितकी चालत नाहीत.

सवयींच्या दृष्टीने एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. पायाच्या नखातली बुरशी सहसा थेट नखात येत नाही. ती आधी तळपायावर किंवा बोटांच्या बेचक्यात राहते आणि तिथून नखाच्या मोकळ्या कडेखाली सरकते. ज्यांना आपण चिखल्या म्हणतो त्यातल्या काही या बुरशीच्याच असतात, काही नुसत्या ओलीने कुजलेल्या कातडीच्या, काहींत जिवाणूंची भर पडलेली असते. बेचक्यातली बुरशी तशीच राहिली, तर नख कितीही वेळा बरं केलं तरी खालून पुन्हा लागण होते.

दुसरी गोष्ट नखाच्या वाढीची. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम एक ते दीड. हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं यायला बारा ते अठरा. बुरशी मेली तरी बिघडलेलं नख कापत कापत संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्या काळात बहुतेकांचा धीर सुटतो.

तिसरी गोष्ट निदानाची. विद्रूप झालेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. सोरायसिस, लायकेन प्लानस, घट्ट बुटाचा सततचा दाब, जुनी ठेच यांनीही नख तसंच दिसतं. नखाखालचा भुसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं ही स्वस्त आणि झटपट तपासणी आहे. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्पष्ट सांगितलं की बुरशीची खात्री केल्याशिवाय पोटातली औषधं देऊ नयेत. सवयींनाही हेच लागू आहे. सोरायसिसच्या नखासाठी घरभर जंतुनाशक फवारण्यात काहीच अर्थ नाही.

बूट आले, बुरशी आली

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये अलस आणि कुनख ही नावं येतात. अलस म्हणजे घाणेरड्या चिखलाच्या संपर्काने बोटांच्या बेचक्यात ओल, खाज आणि जळजळ होणं. कुनख म्हणजे मार लागून काळं, खरखरीत झालेलं नख. आजच्या निदानाशी ही वर्णनं तंतोतंत जुळवायची गरज नाही. पण ओल आणि पायाचा संबंध जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता एवढं नक्की दिसतं.

सूक्ष्मदर्शकाने नखातली बुरशी ओळखली गेली ती १८५०च्या दशकात, जर्मनीत. ट्रायकोफायटॉन रुब्रमचं वर्णन आल्डो कास्तेलानी यांनी १९१०मध्ये केलं. संशोधकांत सर्वसाधारणपणे मान्य असलेलं चित्र असं: ही बुरशी मूळची आग्नेय आशिया आणि पश्चिम आफ्रिकेच्या भागातली. तिथले लोक अनवाणी राहत, त्यांना ती अंगावर होई पण पायाला क्वचितच. वसाहतींत आलेले युरोपीय सैनिक आणि अधिकारी बूट घालत, त्यांच्या पायाला ती चिकटली. मग महायुद्धं, छावण्यांतली सामाईक न्हाणीघरं, पुढे पोहण्याचे तलाव आणि व्यायामशाळा यांतून ती पाश्चात्त्य देशांत घरोघर पोचली. पायाच्या बुरशीची गोष्ट ही बऱ्याच अंशी बंद पादत्राणांची गोष्ट आहे, आणि शाळेच्या कातडी बुटांपासून कारखान्यातल्या सुरक्षा बुटांपर्यंत आपला समाजही गेल्या दोन-तीन पिढ्यांत त्याच वाटेने चालला आहे.

उपचारांचा इतिहास तसा छोटा आहे. ग्रिसिओफल्विन १९३९ साली वेगळं केलं गेलं, पण पोटातून देण्याचा मार्ग १९५८नंतर खुला झाला. त्याआधी नख उपटून काढणं हाच मोठा उपाय होता. १९९०च्या दशकात टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोल आली. टर्बिनाफिनचा प्रचलित क्रम हाताच्या नखांसाठी सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे. इतकं चांगलं औषध मिळाल्यावर स्वच्छतेची चर्चा मागे पडली. ती परतली पुन्हा होणाऱ्या लागणीमुळे. बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी किती जणांना बुरशी परत होते याचे आकडे दहा टक्क्यांपासून पन्नासच्या वरपर्यंत पसरलेले आहेत.

शरीराचा दोष की परिसराचा?

इथे दोन बाजू आहेत आणि दोन्हींकडे पुरावा आहे.

एक बाजू म्हणते, कुणाला बुरशी होणार हे मुख्यतः शरीर ठरवतं. एकाच घरात, एकाच न्हाणीघरात वावरणाऱ्या पाच जणांपैकी दोघांना होते, तिघांना होत नाही. नात्यांचा माग काढणाऱ्या अभ्यासांत रुब्रमची लागण आईवडिलांकडून मुलांकडे आनुवंशिक प्रवृत्तीसारखी जाताना दिसते. रक्ताचं नातं नसलेल्या नवरा-बायकोत ती तितकी दिसत नाही. वय, मधुमेह, पायातलं रक्ताभिसरण, सोरायसिस, घट्ट बुटाने नखाला रोज बसणारा धक्का, हे सगळे घटक सवयींपेक्षा जड ठरतात, असं या बाजूचं म्हणणं.

दुसरी बाजू घराकडे बोट दाखवते. जनुकीय ठसे तपासल्यावर एकाच घरातल्या रुग्णांमध्ये अनेकदा बुरशीचा तोच एक वाण सापडतो. गळून पडलेल्या कातडीच्या कपच्यांमध्ये ती जमिनीवर, पायपुसण्यावर, बुटात महिनोन् महिने जिवंत राहते. प्रवृत्ती असली तरी बुरशी बाहेरूनच यावी लागते.

मला या दोन मतांत फारसा झगडा दिसत नाही. प्रवृत्ती बदलता येत नाही, संपर्क कमी करता येतो. खरा मतभेद आहे तो मात्रेचा: ज्याला प्रवृत्ती आहे त्याने संपर्क कितपत कमी केल्याने फरक पडतो? याचं थेट उत्तर देणारी मोठी, वर्षानुवर्षं चाललेली चाचणी झालेली नाही. घरातल्या सगळ्यांचे पाय एकदा पाहून घ्यावेत आणि ज्यांच्या बेचक्यात लागण आहे त्यांच्यावर एकाच वेळी उपचार करावेत, या सूचनेवर मात्र दोन्ही बाजूंचे डॉक्टर सहमत असतात. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. आजोबांची पिवळी नखं वयाची समजली जातात आणि औषध फक्त नातवाला मिळतं.

मोजे, बूट आणि ऊन

सवयींपैकी सर्वाधिक प्रयोग झाले ते कपडे धुण्यावर. निष्कर्ष बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. तीस अंश सेल्सियसच्या पाण्यात धुतलेल्या मोज्यांवर रुब्रम जिवंत राहते, साठ अंशांच्या पाण्यात ती मरते. जर्मनीतल्या संशोधकांनी हेही दाखवलं की लागण झालेले मोजे धुण्याआधी टोपलीत इतर कपड्यांबरोबर पडून राहिले तरी बुरशीचा काही अंश स्वच्छ कपड्यांवर जातो. मोजे फ्रीझरमध्ये ठेवून बुरशी मारण्याचा उपाय अधूनमधून सुचवला जातो. प्रयोगांत तो टिकलेला नाही, कारण थंडीत ती नुसती थांबून राहते.

हे प्रयोग ज्या देशांत झाले तिथे यंत्राच्या बटणावर साठ अंश लिहिलेले असतात. आपल्याकडे बहुसंख्य घरांत कपडे नळाच्या पाण्यात हाताने किंवा साध्या यंत्रात धुतले जातात. तरी मार्ग आहे. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की साठ अंशांच्या आसपास पोचता येतं. फक्त मोजे आणि पाय पुसायचा पंचा तेवढे वेगळ्या बादलीत, झाकून, गरम साबणाच्या पाण्यात भिजवले तरी बरंच साधतं. मोज्याचं इलॅस्टिक लवकर सैल होतं, हा तोटा पत्करावा लागतो.

आणि ऊन. २०१४ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी वापरलेले कपडे काही दिवस उन्हात ठेवून तपासले, तेव्हा बुरशीचं प्रमाण लक्षणीय घटलेलं आढळलं. गच्चीवर, अंगणात, खिडकीबाहेरच्या दोरीवर कपडे वाळवण्याची आपली जुनी रीत या बाबतीत अंदाजापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध ठरते. अडचण येते ती बरोबर पावसाळ्यात, जेव्हा गरज सर्वाधिक असते. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात मोजे पंख्याखाली दोन दिवस लटकतात आणि दमटच पायात जातात. अशा वेळी इस्त्री फिरवणं उपयोगी, कारण तिची उष्णता साठ अंशांच्या बरीच वर असते.

मोजे सुती असावेत की कृत्रिम धाग्याचे, यावर मतं वेगळी आहेत. आपल्याकडचे डॉक्टर सहसा सुती सांगतात. खेळाडूंच्या पायांवर काम करणारे म्हणतात की सूत घाम पितं आणि धरून ठेवतं; घाम बाहेर ओढणारे मिश्र धाग्याचे मोजे पाय अधिक कोरडे ठेवतात. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दुपारी मोजे बदलणाऱ्याला या वादाने फारसा फरक पडत नाही. चांदीचे कण विणलेले मोजे, बुटात ठेवायचे अतिनील प्रकाशाचे दिवे अशी उत्पादनं प्रयोगशाळेत बुरशी कमी करतात. त्यांनी माणसांतली पुनर्लागण किती टळते याचा पुरावा तोकडा आहे आणि किंमत बरीच.

बुटांबाबत सर्वांत साधा आणि सर्वमान्य सल्ला म्हणजे दोन जोड आलटून पालटून वापरणं, म्हणजे एकाला सुकायला पूर्ण दिवस मिळतो. ज्या घरात शाळेच्या बुटांचा एकच जोड परवडतो तिथे हा सल्ला पोचत नाही. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे भरणं आणि आतला सुटा तळवा काढून वेगळा वाळवणं एवढं तरी करता येतं. उपचार पूर्ण झाल्यावर जुने बूट टाकून द्यावेत का? काही तज्ज्ञ आग्रहाने हो म्हणतात, काही बुरशीनाशक पावडरीवर भागवतात. दोन्हींची थेट तुलना झालेली नाही.

पावसाळ्यातल्या सूचनांत एक गंभीर पेच आहे, आणि तो परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. बुरशीसाठी पाय मोकळे ठेवा, चपला-सँडल वापरा, असं सांगितलं जातं. पण मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यात आणि कोकणातल्या भातखाचरांत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. बेचक्यातली फाटलेली कातडी हीच त्या जंतूंची आत शिरायची वाट. खाचरात साप-विंचवाची भीती वेगळीच. गमबुटाने लेप्टो टळतो आणि आत घाम साचून बुरशी पोसते. अशा ठिकाणी जिवावर बेतणाऱ्या रोगाला आधी अडवायला हवं याबद्दल मला शंका नाही: पाण्यात असताना गमबूट, बाहेर आल्यावर लगेच काढून पाय साबणाने धुणं, बेचके पुसणं, गमबूट उलटा टांगून ठेवणं. लावणीच्या दिवसांत बायका-पुरुष आठ-दहा तास चिखलात उभे असतात. सफाई कामगार, मासळी बाजारातले कामगार, चौकात भिजत उभा असलेला वाहतूक पोलीस यांचंही तेच. त्यांना 'पाय कोरडे ठेवा' म्हणणं पुरत नाही. कोरडे मोजे आणि बदली पादत्राणं कामाच्या जागी मिळणं हा त्यांच्या बाबतीत स्वच्छतेचा खरा भाग आहे.

आणखी एक छोटी सवय, जी क्वचितच सांगितली जाते: पायाला बुरशी असेल तर कपडे घालताना आधी मोजे, मग अंतर्वस्त्र. नाहीतर पायावरून सरकणाऱ्या कपड्याबरोबर बुरशी जांघेत पोचते.

हाताची नखं: पाण्याचं काम

भांडी-धुणी करणाऱ्या बायका, हॉटेलात भांडी घासणारी मुलं, मासळी साफ करणाऱ्या कोळणी यांच्या हाताच्या नखांभोवतीची कातडी सुजते, नखाच्या मुळाशी असलेली पातळ झालर नाहीशी होते, नख आडव्या रेघांनी वाकडंतिकडं येतं. हे नखुरडं जुनं झालं की त्यात कँडिडा सापडतं, म्हणून वर्षानुवर्षं ते बुरशीचा रोग समजून बुरशीनाशकं दिली गेली.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे मत बदललं. साबण, पाणी आणि अन्नपदार्थ यांनी आधी कातडीला दाह होतो, झालर तुटते आणि यीस्ट नंतर त्या फटीत येऊन बसतं, असं आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. २००२ साली इटलीतल्या एका चाचणीत अशा रुग्णांना वरून लावायच्या स्टिरॉइडने पोटातल्या बुरशीनाशकांपेक्षा अधिक आराम पडला. भारतात हा निष्कर्ष सांगताना जपावं लागतं, कारण आपल्याकडे स्टिरॉइड मिसळलेली मलमं दुकानातून सर्रास घेऊन नायट्यावर चोळली जातात आणि त्याने नायटा चिघळतो. डॉक्टरने पाहून दिलेलं औषध आणि शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेली ट्यूब यांत इथे फार अंतर आहे.

सवयीच्या बाबतीत मात्र जुनं आणि नवं मत एकाच जागी येतात: हात पाण्यापासून वाचवा. नुसते रबरी हातमोजे आत घाम साचवतात, म्हणून आतून पातळ सुती हातमोजे घालून वर रबरी. झालर कापू नये, मागे ढकलू नये; पार्लरमध्ये हेच हौसेने केलं जातं. काम झाल्यावर हात पुसून खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन. घरोघर भांडी घासणारी बाई दिवसाला चार-पाच घरी जाते. सुती हातमोज्यांच्या दोन-तीन जोड्या तिला कोण देणार, हा प्रश्न वैद्यकाच्या हातात नाही, पण ज्यांच्या घरी ती काम करते त्यांच्या हातात आहे.

अवजारं आणि घरगुती उपाय

नेलकटर प्रत्येकाचं वेगळं असावं यावर कुणाचंच दुमत नाही. निदान बुरशीच्या नखांसाठी वेगळं आणि वापरानंतर स्पिरिटने पुसलेलं. कानशी वेगळी ठेवावी, चांगल्या नखांवर फिरवू नये. नख सरळ कापावं, कडा कोरू नयेत.

व्हिनेगर, टी ट्री तेल, लसूण, मेंदी, हळद, कडुनिंब यांपैकी बऱ्याच पदार्थांत प्रयोगशाळेत बुरशीरोधक गुण दिसतात. बशीत बुरशी मारणं आणि जाड नखाच्या तळाशी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टी ट्री तेलाची १९९४मध्ये क्लोट्रिमाझोलच्या द्रावाशी तुलना झाली, दोन्हींचे परिणाम सारखे निघाले. पण तो द्रावच नखावर फारसा प्रभावी नाही. २०११ साली व्हिक्सचा अवघ्या १८ जणांवर प्रयोग झाला, काहींना गुण आला, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. भात लावणाऱ्यांनी बेचक्यात मेंदी भरण्याची जुनी रीत कातडी कोरडी करण्यासाठी समजण्यासारखी आहे. नख बरं करण्याचा पुरावा त्यात नाही.

मधुमेह असेल तर

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेहींमध्ये नखांची बुरशी इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. जाड, धारदार झालेलं नख शेजारच्या बोटाला टोचतं, बधिर पायाला ते कळत नाही, जखम होते, सूज पसरते. इथे बुरशी सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

म्हणून सर्वसाधारण सूचना इथे बदलतात. गरम पाण्यात पाय बुडवून नख मऊ करणं इतरांसाठी ठीक, बधिर पायाला भाजण्याचा धोका. जाड नख घरी ब्लेडने कापणं पूर्ण वर्ज्य. अनवाणी चालणं घरातसुद्धा टाळायचं. रोज रात्री तळपाय आणि बेचके पाहायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून किंवा घरातल्या कुणाकडून पाहून घ्यायचे.

न सुटलेले प्रश्न

सवयींनी मुरलेली बुरशी बरी होत नाही, याबद्दल वाद उरलेला नाही. वाद आहे तो बरं झाल्यानंतरच्या काळाबद्दल. इटलीत टर्बिनाफिन किंवा इट्राकोनाझोलने बऱ्या झालेल्या रुग्णांचा सात वर्षं पाठपुरावा झाला. त्यांच्यापैकी साधारण सहातल्या एकाला बुरशी परतली, आणि ती सरासरी तीन वर्षांनी. म्हणजे ज्या काळात रुग्ण सवयी केव्हाच विसरलेला असतो त्याच काळात. नखाला पंधरा दिवसांतून एकदा औषधी लेप लावत राहण्याचा उपाय तपासला गेला. पहिल्या वर्षी फायदा दिसला, पुढे तो ओसरत गेला. बेचक्यात आठवड्यातून एक-दोनदा बुरशीनाशक मलम लावत राहावं असं अनेक डॉक्टर सांगतात. तर्क पटणारा आहे, पण किती वर्षं लावायचं यावर एकमत नाही.

भारतापुढे आणखी एक प्रश्न उभा आहे. २०१५च्या आसपासपासून देशभर त्वचेच्या नायट्याची चिवट साथ पसरली आहे. तिच्यामागच्या बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव दिलं. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. २०२३मध्ये ती न्यू यॉर्कमध्येही सापडल्याचं जाहीर झालं. ही जात मुख्यतः अंगावर आणि जांघेत आढळते; नखांत ती किती शिरते यावर काम सुरू आहे. मोज्यांवरचे जवळजवळ सगळे प्रयोग रुब्रमवर आणि पाश्चात्त्य घरांतल्या धुलाई यंत्रांत झाले आहेत. एकाच खोलीत सहा-सात माणसं, एकच पंचा, एकच पायपुसणं आणि चार महिने न वाळणारे कपडे, अशा घरात गरम पाण्यात भिजवणं, इस्त्री आणि घरातल्या सगळ्यांवर एकत्र उपचार यांपैकी कशाने लागण सर्वाधिक घटते, ते मुंबईतल्या चाळीत आणि रत्नागिरीतल्या वाडीत पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी लागणारी साधनं महाग नाहीत: सूक्ष्मदर्शक, पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली, आणि दोन पावसाळे त्याच घरांत पुन्हा पुन्हा जाऊन पाय पाहणारी माणसं.